घरपोच नकार

"मी नेणार नाही," अक्का म्हणाली आणि तिने खुर्ची मागे सरकवली. "चौऱ्याहत्तर वय आहे माझं. या वयात सख्ख्या भावाच्या दारात त्याचंच बाड घेऊन उभी राहू? आणि म्हणू काय, साभार परत?"

अक्काने खुर्ची मागे सरकवली की विषय संपला, असं तिला वाटतं. गेल्या पन्नास वर्षांत तसा एकही विषय संपलेला नाही, पण तिला सांगणार कोण!

रविवार होता, सकाळचे अकरा. कचेरी बंद. दुसऱ्या मजल्यावरच्या वाचनखोलीत, कोपरं टेकून टेकून कडेला पांढुरक्या पडलेल्या लांब टेबलाशी चौघंच बसली होती. अक्का, तिचा धाकटा भाऊ, म्हणजे प्रकाशन कंपनीचे अध्यक्ष भाऊ, भाऊंची मुलगी छकुली आणि अक्काचे दुसरे भाऊ दादा यांचा मुलगा गठ्ठा. छकुली त्रेचाळीस वर्षांची आहे, कंपनीची मुख्य संपादक आहे, आणि तरी छकुलीच. गठ्ठा लहानपणी गोदामात पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर झोपायचा. आता सगळ्या देशातली विक्री तो बघतो, पण नाव काही सुटलं नाही. टेबलावर तीन बॉक्स फायली होत्या. त्यांत होता दादांनी नऊ वर्षं खपून लिहिलेला कंपनीचा इतिहास. अकराशे चाळीस पानं, निळी शाई, एकाच बाजूला लिहिलेली, समास सोडून.

आणि दादा स्वतः वर, तिसऱ्या मजल्यावर, आपल्या खोलीत होते. कंपनीची पंच्याहत्तरी दीड महिन्यावर आली होती, ग्रंथाची जाहिरात सूचिपत्रात छापून गेली होती, आणि उद्या सोमवारी मजकूर छपाईला जाणार, अशी त्यांची समजूत होती.

"कोणी काही न्यायचं नाही," भाऊ म्हणाले. "छापायचं. मी अध्यक्ष आहे ना? मग छापायचं."

"बाबा, तुम्ही वाचलंय का ते?" छकुलीने विचारलं.

"चाळलंय."

"किती?"

"अगं, दादाने लिहिलंय! त्यात वाचायचं काय?"

अक्का खुदकन हसली. हसायची वेळ नव्हती, पण राहवलं नाही. 'चाळलंय' हा शब्द या खोलीत काढायची सोयच नव्हती. अण्णा असते तर अध्यक्षांना कान धरून जिन्यात उभं केलं असतं.

अण्णा म्हणजे या तिघा भावंडांचे वडील, ज्यांनी कंपनी काढली ते. तरुणपणी त्यांनी एक कादंबरी लिहून एका मोठ्या प्रकाशकाकडे पाठवली होती. ती आठ महिन्यांनी टपालाने परत आली. पाकीट भिजलेलं, आणि आत एक छापील चिठ्ठी. तिच्यावर आधी दुसऱ्याच कुणाचं नाव होतं, ते खोडून शेजारी अण्णांचं लिहिलेलं. अण्णांनी पुन्हा कादंबरी लिहिली नाही. पण पुढे दोन खोल्या घेऊन प्रकाशन सुरू केलं तेव्हा पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. होकार टपालाने जाऊ दे, नकार घरचा माणूस घेऊन जाईल. दोनदा पूर्ण वाचल्याशिवाय नकार नाही. बाड लेखकाच्याच हातात द्यायचं. आणि त्यातलं मनापासून आवडलेलं एक तरी वाक्य, कागद न बघता, त्याला म्हणून दाखवायचं.

लोकांनी वेड्यात काढलं. एवढा मोठा देश, एक लेखक बंदरावर, दुसरा डोंगरात! अण्णा म्हणायचे, तो माणूस दोन वर्षं लिहीत बसला होता, आपण दोन दिवस गाडीत बसलो तर काही झिजत नाही.

अण्णांचे गुडघे गेले तेव्हा ते काम दादांकडे आलं आणि पुढची चाळीस वर्षं दादांकडेच राहिलं. देशभरातले लेखक त्यांना साभारदादा म्हणायचे. शाळेला सुट्टी लागली की छकुली आणि गठ्ठा त्यांच्याबरोबर जायची. घरात त्याला 'नकाराची सहल' म्हणत. बसच्या खिडकीशी कोण बसणार यावरून भांडण, मध्ये दादांच्या मांडीवर तपकिरी कागदात गुंडाळलेलं बाड. त्या कागदाला हात लावायचा नाही, एवढीच काय ती शिस्त.

"मला सांग," भाऊ आता जरा नरमाईने म्हणाले, "इतकं वाईट आहे?"

"वाईट नाही हो. मेलेलं आहे," छकुली म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. "कोणतं यंत्र कधी आलं ते आहे. कोणत्या साली किती टन कागद लागला ते आहे. उद्घाटनाला कोण कोण आलं, कोणत्या पाहुण्याने किती वेळ भाषण ठोकलं, तेही आहे. आणि नकारावर काय आहे? एक प्रकरण नाही. काकांनी चाळीस वर्षं दारोदार जाऊन जे केलं, ज्यासाठी लोक आपल्याला ओळखतात, ते अकराशे चाळीस पानांत कुठेच नाही."

"संकोच वाटला असेल. स्वतःबद्दल कसं लिहायचं?"

"स्वतःबद्दल नको, त्या लोकांबद्दल तरी!"

भाऊंना छापायचंच होतं, आणि का ते त्यांनी बायकोलाही कधी सांगितलेलं नव्हतं. बावीस वर्षांचे असताना अण्णांनी त्यांना एकदा नकार घेऊन पाठवलं होतं. दारापर्यंत गेले, कडी वाजवायला हात उचलला आणि आतून कुणीतरी गुणगुणत येताना ऐकू आलं. झालं. भाऊंनी बाड शेजारच्या घरी ठेवलं आणि पळत सुटले ते थेट बसमध्ये. दुसऱ्या दिवशी दादा गुपचूप जाऊन सगळं नीट करून आले. अण्णांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. आता भाऊ सत्तर वर्षांचे झाले, तरी आतून येणारं ते गुणगुणणं त्यांच्या कानातून गेलेलं नाही.

"माझं ऐका," गठ्ठा म्हणाला. विक्रीतल्या माणसांना सगळ्यांची समजूत काढायची सवय असते. "दोनशे प्रती काढू या घरच्यासाठी, नातेवाईक, जुनी माणसं. छान बांधणी करू. बाबांच्या हातात देऊ. आणि बाजारासाठी छकुली वेगळं दीडशे पानांचं पुस्तक करून घेईल, चित्रांसकट. बाबांना कशाला कळतंय? ते कुठे दुकानात जातात आता?"

"हे बरं आहे!" भाऊ लगेच म्हणाले.

छकुलीने अक्काकडे बघितलं. आत्या आपल्या बाजूने आहे या भरवशावर ती आज उभी होती. अक्काने तिसरी फाइल उगाचच सरळ केली.

"आत्या?"

"मला वाटतं गठ्ठा म्हणतोय तसं करावं," अक्का टेबलाकडे बघत म्हणाली. "बांधणी मी बघते."

"तू काल मला म्हणालीस की हे छापलं तर अण्णा वरून खाली येतील!"

"काल काल होतं. सकाळी मी त्याला चहा द्यायला गेले होते. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलाय. रविवारी! मला म्हणतो, अक्का, पुठ्ठ्याला कापड कोणतं लावशील? काय सांगू मी त्याला?" अक्काचे डोळे भरून आले, आणि तिला डोळे भरून आलेले अजिबात खपत नाहीत, म्हणून ती चिडली. "तुला काय गं, तू लहान आहेस! आमचे किती दिवस राहिलेत?"

बांधणीखातं अक्काने तीस वर्षं सांभाळलं होतं. तळमजल्यावर खळीचा वास, दोऱ्याची रिळं, ओळीने बसलेल्या बाया आणि त्यांच्या वरताण बोलणारी अक्का. दुपारी दादा परगावहून आले की आधी तिथेच यायचे. काही न बोलता पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसायचे. अक्का त्यांच्यापुढे दाबायला ठेवलेली पुस्तकं सरकवायची आणि ते मुकाट्याने एकेक पान सरळ करत बसायचे. नकार जितका जड गेला असेल तितकी पुस्तकं जास्त. एकदा त्यांनी एका बैठकीत तीनशे पुस्तकं सरळ केली होती. तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

"म्हणजे तिघं एका बाजूला," छकुली म्हणाली. "ठीक आहे. फसवा त्यांना. माझं नाव मात्र त्या दोनशे प्रतींवर घालू नका."

"फसवणं काय म्हणतेस!" गठ्ठा उसळला.

"मग काय म्हणू? तो भूगोलाचा मास्तर आठवतो तुला?"

गठ्ठ्याला न हसता राहता येईना. कसा विसरेल! नदीकाठच्या गावातला मास्तर. त्याची तीन बाडं परत गेली आणि तिन्ही वेळा दादा गेले. दर वेळी तो त्यांना नदीवर घेऊन जायचा, नकाशा वाळूत काढून दाखवायचा, जेवू घालायचा. चौथं बाड स्वीकारलं. होकार टपालाने गेला. तर मास्तराचं रडवेलं पत्र आलं: पुस्तक घेतलंत याबद्दल आभार, पण या वेळी दादा आले नाहीत, माझं काही चुकलं का? पुढे तेच पुस्तक देशातल्या प्रत्येक शाळेत गेलं. मास्तर शेवटपर्यंत तक्रार करायचा की होकारात काही मजा नाही.

"त्याचं तिसरं बाड वाईट नव्हतं," छकुली म्हणाली. "सगळे म्हणत होते छापून टाका, बिचारा तीनदा लिहितोय. काका म्हणाले, बिचारा म्हणून छापलं तर तो जन्मभर बिचाराच राहील."

हसता हसता गठ्ठा थांबला. त्याला बाप आठवला तो वेगळाच. त्याची आई दवाखान्यात होती तेव्हा गठ्ठा दहा वर्षांचा होता, आणि त्या दिवसांतसुद्धा बाप तपकिरी कागदातलं एक बाड घेऊन कुठेतरी गेला होता, एक अख्खा दिवस. त्याचा राग गठ्ठ्याने कितीतरी वर्षं मनात धरला होता. माझ्या आईपेक्षा तुमचा तो कोण लेखक मोठा? हे तोंडावर विचारायची हिंमत झाली नव्हती. आता त्याच बापाला आपण खोटं पुस्तक देणार, आणि तो ते हातात घेऊन, वास घेऊन, उलटंसुलटं करून बघणार.

"त्यांना कळेल," गठ्ठा म्हणाला.

"काय?"

"दोनशे प्रतींचं. बाबांना हात लावल्याबरोबर कळेल. छापणारे कधी खोटं बोलतात ते त्यांना माहीत आहे." त्याने तिन्ही फायली एकावर एक रचल्या आणि छकुलीच्या पुढे सरकवल्या. "तूच जा. मी मुलगा आहे, मला जमणार नाही."

अक्का उठली, छकुलीच्या खांद्यावरची नसलेली धूळ झटकली आणि म्हणाली, "आधी हातात दे, मग बोल. बाड हातात दिल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, लक्षात आहे ना?"

जिना अठरा पायऱ्यांचा होता आणि फायली जड होत्या. छकुलीला वाटेत दोनदा वाटलं, मागे फिरावं. अक्षर गिरवायला तिला या काकांनीच शिकवलं होतं. बसमध्ये उलटी झाली की याच काकांनी स्वतःचा रुमाल पुढे केला होता. आज ते आपल्याशी बोलायचे बंद झाले तर?

दार उघडंच होतं. दादा खिडकीशी बसले होते. त्यांनी आधी तिच्या हातांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. सांगावं काहीच लागलं नाही. चाळीस वर्षं ते या दृश्याच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले होते. ते हळूहळू उठले, टेबलाचा आधार घेतला आणि दोन्ही हात पुढे केले.

"तिन्ही एकदम आणल्यास?" ते म्हणाले. "जड आहेत गं."

तिने फायली त्यांच्या हातांत दिल्या. त्यांनी त्या टेबलावर ठेवल्या.

"नऊ वर्षं," ते म्हणाले. "एक डोळा गेला यात. मला वाटायचं, मी किती हळुवारपणे नकार देतो. लोकही म्हणायचे, दादा, तुमच्याकडून ऐकताना काही वाटत नाही. खोटं बोलत होते सगळे. लाथ बसते पोटात." ते खाली बसले. छकुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं तसे म्हणाले, "रडू नकोस. आणणाऱ्याने रडायचं नसतं. मग लेखकालाच त्याची समजूत काढत बसावी लागते. वाक्य म्हण."

छकुलीने डोळे पुसले. "'दार उघडणाऱ्या बाईंचे हात पिठाने भरलेले होते, बाड घेण्याआधी त्यांनी ते धुतले, पुसले आणि मगच पुढे केले.' पान सहाशे बारा. मोटार खरेदीचं प्रकरण, तळटीप."

दादांचा चेहरा उतरला.

"ते खोडायचं होतं," ते म्हणाले. "राहून गेलं."

"का खोडायचं? अख्ख्या बाडात तेवढं एकच जिवंत आहे, काका. ते वाचलं आणि मला वाटलं, आता सुरू होणार. आणि पुढच्या ओळीत तुम्ही टायर कुठून आणले ते सांगितलंत! नकारावर काहीच का नाही लिहिलंत?"

त्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"गठ्ठ्याची आई दवाखान्यात होती. त्या बाईंचं बाड माझ्या पिशवीत होतं, रोज तिच्या उशाशी घेऊन बसायचो, पण अक्षर डोळ्यांत शिरत नव्हतं. अण्णा सारखे विचारायचे, त्यांची पत्रं येताहेत, काय कळवायचं? तेव्हा वर्षभराची पुस्तकं ठरून गेली होती, घ्यायचं नाही हे जवळपास ठरल्यासारखंच होतं. मग एक दिवस कंपनीची मोटार काढली, संध्याकाळच्या आत परत यायचं म्हणून. वाटेत मोटार थांबवून पहिलं पान वाचलं. त्यातलं एक वाक्य पाठ केलं आणि दारात म्हणून दाखवलं."

"पूर्ण वाचलं नव्हतंत?"

"एक पान, छकुले. त्या म्हणाल्या, आणि शेवट कसा वाटला? मी म्हटलं, शेवट फार चांगला झालाय." दादा थांबले. "त्या म्हणाल्या, शेवटचं प्रकरण मी अजून पाठवलंच नाही. पत्रात लिहिलं होतं तसं."

खाली रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली.

"मग?"

"मग काही नाही. रागावल्या नाहीत. मी कुठून आलोय, कुणी आजारी आहे का, काहीच विचारलं नाही. मला चहा दिला आणि मी तो प्यालो. पाच वर्षांनी धीर करून पुन्हा गेलो, तर तिथे दुसरीच माणसं राहत होती. त्यांचं पुस्तक कुठे आलेलं मी कधी पाहिलं नाही. रोज शोधत होतो. अजून शोधतो." त्यांनी फायलींवर बोट टेकवलं. "इतिहास लिहायला बसलो. नकाराचं प्रकरण काढलं की पहिल्या त्याच बाई यायच्या, हात पुसत. म्हणून ते प्रकरणच घातलं नाही. मग जागा भरायला कागदाचे टन घातले. अण्णांनी एक नियम दिला होता मला, एकच. तो मोडला आणि वर साभारदादा म्हणून मिरवलो."

काका चुकू शकतात, हे छकुलीच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि गंमत अशी की आजच्याइतके ते तिला कधी आवडलेही नव्हते.

दादांनी मान वर केली. "तू सगळं वाचलंस का माझं? दोनदा?"

हो म्हणणं किती सोपं होतं. ते काही तपासणार नव्हते, आणि त्या बाईंनी विचारला तसा शेवटाचा प्रश्नही विचारणार नव्हते.

"नाही," छकुली म्हणाली. "सातशे ते साडेसातशे पानं एकदाच वाचली. कागदाचे तक्ते होते. दुसऱ्या वेळी नुसती उलटली."

दादा तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. तिला वाटलं रडताहेत, म्हणून ती पुढे झाली, तर ते हसत होते. ठसका लागेपर्यंत हसले.

"मग हा नकार चालत नाही!" ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम. उचल या फायली. जा खाली, वाच, तक्त्यांसकट वाच, आणि मग ये."

"आणि उद्याची छपाई?"

"कसली छपाई? नकार झाला नाही आणि होकारही झाला नाही. भाऊला सांग, पंच्याहत्तरीला माणसं बोलवा आणि चहा पाजा. पुस्तक शहात्तरीला येईल. मी टिकलो तर माझ्या हातात द्या, नाही तर अक्काच्या."

बोलता बोलता त्यांनी दुसरी फाइल उघडली, अंगठा ओला करून पानं मोजत मोजत सहाशे बारावर आले आणि ते एक पान अलगद बाहेर काढलं. बाकीचं बाड तिच्याकडे सरकवून त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"दार ओढून घे जाताना," ते म्हणाले.

जिन्याच्या तळाशी तिघं उभीच होती. भाऊ दोन पायऱ्या चढून आलेले, अक्का कठड्याला धरून. छकुलीच्या हातांत तिन्ही फायली दिसल्या आणि भाऊंचा आवाज चढला. "बघा! घेतलं नाही ना त्याने? म्हटलं होतं मी, जीव दुखावेल त्याचा!"

"घेतलं, बाबा," छकुली म्हणाली. "एक पान घेतलं. लिहायला बसलेत."